ऊसतोडीच्या तळावर एचआयव्ही तपासणी दिवसा नको

महोदय,
कारखाने सुरू झाले की ऊसतोडीच्या तळांवर एचआयव्ही तपासणीची शिबिरे लागतात, तीही बहुधा सकाळी अकराला. तेव्हा कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) म्हातारी माणसे आणि पोरेच असतात. कोयते, म्हणजे तोड करणाऱ्या जोड्या, पहाटेच फडात गेलेले. संध्याकाळी या, आणि आधी मुकादमाला (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराला) नव्हे, बायकांना विश्वासात घ्या. मुकादमाने रांगेत उभे केले तर ती संमती नव्हे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने माहितीपूर्वक संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे.

चाचणी सोपी, पण चुका नेमक्या ठरलेल्या. स्पिरिट वाळू न देता बोट टोचले की रक्त पातळ होते. पहिला थेंब पुसायचा, दुसरा घ्यायचा. किट जीपच्या डॅशबोर्डवर तापत ठेवायचे नाही. निकाल किटवर छापलेल्या वेळेतच वाचायचा. उशिरा उमटलेली रेघ फसवते. वेळेत दिसलेली रेघ मात्र कितीही फिकट असली तरी 'रिअॅक्टिव्ह', म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारी, धरायची. कंदिलाच्या उजेडात ती हमखास सुटते, म्हणून बॅटरी हवीच. किट नीट चालल्याची खूण असलेली नियंत्रण रेघ नसेल तर चाचणी बाद, नवे किट घ्या.

तळावरची ही एक चाचणी म्हणजे निदान नव्हे. खात्री आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात) वेगवेगळ्या किटच्या तीन चाचण्यांनीच होते. घोटाळा इथेच होतो: रिअॅक्टिव्ह आलेल्यालाच तेवढे गाडीत बसवले की साऱ्या तळाला कळते. त्यापेक्षा प्रत्येकाला सारखीच चिठ्ठी द्या, सारखाच वेळ बोला. रिअॅक्टिव्ह माणसासोबत पुढच्या खाड्याच्या (सुट्टीच्या) दिवशी कार्यकर्ता आयसीटीसीत जाऊ दे. निदान पक्के झाले, तर पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) तो माणूस गावी परततो, तेव्हा गोळ्या गावाजवळच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातून मिळाव्यात म्हणून बदलीचे कागद आधीच करून ठेवावेत.

– फिरत्या तपासणी पथकातील कार्यकर्ते