तोफ ठरते ती निविदा निघण्याआधीच

महोदय,

शस्त्रखरेदीची बातमी आली की आपल्याकडची चर्चा किंमत आणि दलाली या दोनच शब्दांभोवती फिरते. कोणते शस्त्र येणार हे मात्र बरेचसे निविदा निघण्यापूर्वीच ठरलेले असते. ते ठरते सेनादलाने लिहिलेल्या गुणात्मक निकषांत, म्हणजे ‘क्यूआर’मध्ये.

क्रम असा. सेनादल आरएफआय काढून उद्योगांकडून माहिती मागवते आणि क्यूआर पक्के करते. मग संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील परिषद एओएन, म्हणजे गरजेला मंजुरी देते. त्यानंतर निविदा, तांत्रिक छाननी आणि मैदानी चाचण्या. उत्तीर्ण झालेल्यांचेच किमतीचे लिफाफे उघडतात, सर्वांत कमी भावाचा तो ‘एल-वन’. मोठी रक्कम असेल तर शेवटची सही मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीची. एल-वन म्हणजे स्वस्तातला माल, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

मेख अशी की अत्यावश्यक निकषांना गुण नसतात, फक्त पास किंवा नापास. एक आकडा जास्त ताणून लिहिला तर चांगले शस्त्रही बाद होते आणि रिंगणात एकच विक्रेता उरतो, किंवा कोणीच नाही. लष्कराने २०११ साली अशी रायफल मागितली, जिची बॅरल बदलून ५.५६ आणि ७.६२ अशा दोन्ही मिलिमीटरच्या गोळ्या झाडता येतील. २०१५ मध्ये ती निविदा रद्द झाली. चार वर्षे गेली आणि जवानाच्या हाती काही आले नाही.

पाषाणच्या एआरडीई या सरकारी शस्त्रसंशोधन संस्थेने आराखडा केलेल्या ‘अटॅग्ज’ तोफेकडे पाहा. व्यास १५५ मिमी, बॅरल ५२ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ५२ पट लांब. दारू जळते ते चेंबर नेहमीच्या २३ लिटरऐवजी २५ लिटरचे, त्यामुळे पल्ला ४८ किलोमीटरपर्यंत गेला. पण वजनही १८ टनांच्या घरात पोहोचले आणि डोंगराळ रस्त्यांसाठी ते कमी करा, असा लष्कराचा आग्रह राहिला. उलट अमेरिकेकडून घेतलेली एम-७७७ तोफ टायटॅनियममुळे जेमतेम सव्वाचार टनांची. हेलिकॉप्टरला लटकवून नेता येते, पण बॅरल ३९ कॅलिबरची असल्याने पल्ला कमी. एकाच तोफेत दोन्ही हवे म्हणणारा क्यूआर कागदावरच राहतो.

अटॅग्जचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. २०२० साली पोखरणच्या चाचणीत बॅरल फुटली, चाचण्या लांबल्या आणि २०२२ मध्ये संपल्या. एओएन मार्च २०२३ मध्ये, करार मार्च २०२५ मध्ये: ३०७ तोफा, ओढणाऱ्या वाहनांसह सुमारे ६,९०० कोटी. एल-वन ठरलेल्या भारत फोर्जला ६० टक्के तोफा, त्याच भावात द्यायला तयार झालेल्या टाटांना ४०. दोन कारखाने चालू ठेवण्याची ही व्यवस्था मला शहाणपणाची वाटते.

उशीर फक्त टेबलावरच होतो असेही नाही. वाळवंटातली चाचणी ऐन उन्हाळ्यात आणि उंचावरची थंडीतच घ्यावी लागते. एक हंगाम हुकला की वर्ष गेले. तोवर किमतीच्या देकाराची मुदत संपत येते आणि कंपन्यांकडे ती वाढवून मागावी लागते. चाचणीसाठी शस्त्र स्वखर्चाने आणावे लागत असल्याने लहान उद्योजक तिथेच गळतो.

भोसरी-चाकणच्या सुटे भाग बनवणाऱ्यांनी म्हणूनच निविदेची वाट पाहत बसू नये. आरएफआय संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली असते. एखादा निकष अवास्तव वाटला तर कोणता आकडा, का आणि किती बदलावा, हे चाचणीच्या नोंदींसह तेव्हाच लेखी कळवावे. एओएननंतर निकष बदलायचा म्हणजे फाईल पुन्हा मागे. आपल्या वृत्तपत्रानेही कराराच्या दिवशीच्या बातमीइतकीच जागा आरएफआयला द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, पाषाण, पुणे