गुन्हा कबूल करण्याआधी अपीलाचं पण सांगा की!

संपादक साहेब, नमस्कार.

केस लवकर मिटवायची तर गुन्हा कबूल करून टाक, असा सल्ला आरोपीला वकील देतो, पोलीस देतो, कोर्टाच्या आवारातला चहावाला पण देतो. पण कबूल केल्यावर अपीलाचं काय होतं हे मात्र कोणी सांगत नाही. मी कोर्टात कारकुनी केलीय म्हणून लिहितोय, कायदा शिकवायला नाही.

कसलाही सौदा न करता सरळ गुन्हा कबूल केला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला नवीन कायदा) कलम 416 प्रमाणे खालच्या कोर्टाच्या निकालावर अपील फक्त शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का एवढ्यापुरतंच, म्हणजे 'मी केलंच नव्हतं' हे अपीलात बोलायची सोय संपली. आणि प्ली बार्गेनिंग केलं, म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात कबुली असा समझोता, जे आपल्याकडे 2006 पासून सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या काही गुन्ह्यांना लागू आहे, तर कलम 295 खाली तेवढंही नाही, थेट हायकोर्टात रिट अर्ज नाहीतर सुप्रीम कोर्टात स्पेशल लीव्ह म्हणजे अपीलाची खास परवानगी मागायची, आता आठवडी बाजारात भाजी विकणारा माणूस दिल्लीला जाणार आहे का? नवीन कायद्यात प्ली बार्गेनिंग करणाऱ्या, पहिल्यांदाच सापडलेल्याला शिक्षेत चांगली सूट आहे, ती वाईट नाहीच, पण अर्ज करायचा दोषारोप ठेवल्यापासून 30 दिवसांत. एवढ्यात त्याला धड वकील मिळाला तरी खूप.

खरी गोची कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला संपायच्या आधीच तुरुंगात असलेल्यांची आहे. जामीन मिळाला पण जामीनदार नाही, चार-सहा महिने आत गेलेले, अशावेळी 'कबूल कर, भोगली तेवढीच शिक्षा, संध्याकाळी घरी' म्हटल्यावर कोण नाही म्हणेल! सुटतो खरा, पण गुन्हेगार म्हणून नोंद राहते, ती पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत निघते आणि मग बायको कागद घेऊन वकिलांचे उंबरठे झिजवते.

अमेरिकेत तर अपील सोडून देतो असं करारातच लिहून घेतात, फेडरल म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या कोर्टात हे सर्रास चालतं, मला ते अजिबात पटत नाही. पण तिथे करारातल्या त्या अटीचा अर्थ कळला का हे जजने आरोपीला समोरासमोर विचारायचं असा नियम आहे. आणि 2019 मधे गार्झा केसमधे तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा करार असला तरी आरोपीने सांगूनही वकिलाने अपील दाखल केलं नाही तर ती वकिलाची कसूर.

आपल्याकडे कसाबने 2009 मधे खटला चालू असताना गुन्हा कबूल केला तरी कोर्टाने ते नोंदवून खटला पुढे चालवला, त्याचं अपील पार सुप्रीम कोर्टापर्यंत ऐकलं गेलं. बरोबरच केलं. मग मोबाईल चोरीतल्या पोराला निदान दोन मिनिटं तरी द्या!

माझं म्हणणं एवढंच की कबुली घेण्याआधी 'अपीलाचा हक्क जवळजवळ जातोय, कळलं का?' हा प्रश्न साध्या मराठीत विचारावा आणि आरोपीचं उत्तर त्याच्याच शब्दात रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) लिहावं. हायकोर्टाने एक परिपत्रक काढलं तरी काम होईल, त्याला ना खर्च ना नवीन कायदा.

– एक निवृत्त कोर्ट कर्मचारी, सातारा