मिठाची पुडी किती दिवस पुरते ते बघा

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या शहापुरात गच्चीगच्चीवर पापड, सांडगे, ताकातल्या मिरच्या वाळत पडतात. आमच्याही पडतात, पण यंदा मी निम्मंच केलं आणि का केलं ते सांगायला हे पत्र लिहितेय.

दिवाळीनंतर आमच्या मिस्टरांची दाढ दुखत होती, काढायला गेले तर दातांच्या डॉक्टरांनी आधी बीपी बघितला, वरचा 176 आणि खालचा 104. थोडा वेळ शांत बसवून परत बघितला तरी तेवढाच. दाढ राहू दे, आधी हे खाली आणा म्हणून परत पाठवलं. माणूस 47 वर्षांचा, रोज आठ-दहा तास मागावर, ना डोकं दुखायचं ना चक्कर, त्यामुळं आम्हाला खरंच वाटेना. पण हा आजार असाच आहे की, सारखा 140/90 च्या वर राहिला तर त्रास होवो न होवो, आतून हृदय, किडनी, मेंदूच्या शिरा खराब करतच असतो.

गोळी चालू झाली, तीन महिन्यांत 128/82 वर आला, आणि कट्ट्यावर कुणीतरी सांगितलं की गोळीची एकदा सवय लागली की सुटत नाही, झालं, घरात न सांगता बंद करून टाकली. महिन्याभरानं बघितलं तर परत 160 च्या वर. अहो, नॉर्मल आला तो गोळीमुळंच आला ना! कमी करायची का बंद करायची ते डॉक्टर ठरवतील, कट्टा नाही.

आता मिठाचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं-पापड सगळं आलं. आम्ही घरात पाच जण, म्हणजे 25 ग्रॅम, म्हणजे किलोची पुडी 40 दिवस जायला पाहिजे. मी पुडीवर पेनानं तारीख घालून ठेवली आणि एकोणिसाव्या दिवशी डबा रिकामा! लोणच्याचं खडे मीठ वेगळंच, फरसाण आणि बेकरीची खारी वेगळी, आणि पापडखार तर कुणी धरतच नाही पण त्यातही सोडियमच असतंय. सैंधव खाल्लं तर चालतंय असं बायका म्हणतात, तेही मीठच आहे हो. कमी सोडियमचं मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका.

मी कणकेतलं मीठ बंद केलं, ताटात वाढायचं बंद केलं, आमटीत निम्मं करून आमसूल, लसूण, कोथिंबीर वाढवली. पहिले आठ-दहा दिवस सासूबाई ताट सरकवून ठेवायच्या, आळणी खाऊन कसलं जगायचं म्हणायच्या, मला फार वाईट वाटायचं. पण तीन-चार आठवड्यांत जीभ बदलली, परवा एका लग्नात त्यांनाच वरण खारट लागलं.

बाकी मिस्टर सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर अर्धा तास जोरात चालतात, वजन चार किलो उतरलंय. तंबाखू मात्र अजून पूर्ण सुटला नाही, निपाणी आमचं माहेर, तिथं तर तो घराघरात, म्हणून सोडणं किती अवघड ते मला माहीत आहे, तरी मागे लागलेय.

एक विनंती आहे. आमच्या भागातल्या बऱ्याच म्हाताऱ्या बायका मराठी शाळेत शिकलेल्या, दवाखान्यात मिळणारी कन्नड पत्रकं त्यांना वाचता येत नाहीत, हे भांडण म्हणून सांगत नाही, अडचण म्हणून सांगतेय. तेव्हा बीपी कसा बघायचा एवढं तरी तुम्ही मराठीत मोठ्या अक्षरात छापा, की अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीला, पट्टा बाहीवरून बांधायचा नाही आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. गणपतीत मंडळांनी मंडपात एक टेबल आणि मशीन ठेवलं तर तेच कात्रण मी स्वतः तिथं चिकटवून येईन.

एक गृहिणी, शहापूर, बेळगाव