विषय: किटन प्लॅनमध्ये तुम्ही डोस मोजलेत, पिल्लाचं वय नाही, त्याबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्या क्लिनिकचा वर्षभराचा किटन प्लॅन मी घेतलाय. या विषयावर फोनवर तीनदा बोलले, तिन्ही वेळा "नोट करून घेतो मॅडम" एवढंच ऐकलं, ते नोट कुठे होतं देव जाणे, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय. लांबलंय, पण पूर्ण वाचा.

चिंगीला घरी आणलं तेव्हा ती आठ आठवड्यांची होती. दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडे घेऊन आले. वजन 780 ग्रॅम, डोळ्यांतून जरासं पाणी आणि कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ, म्हणजे माइट्स (कानातले बारीक किडे). काउंटरवर सांगितलं की प्रत्येक वेळी वेगळं बिल करण्यापेक्षा प्लॅनच घ्या, पहिल्या वर्षाच्या लसी, जंताचं औषध, चिप, सगळं त्यात येतं. सगळं म्हणजे खरंच सगळं ना, असं मी दोनदा विचारलं, हो म्हणाले, मग पूर्ण पैसे एकदम भरून टाकले.

थ्री-इन-वन लसीचा (तीन आजारांवरची एकच लस) पहिला डोस आठव्या आठवड्यात झाला, दुसरा बाराव्यात, त्याच वेळी रेबीजचाही. दोन्ही वेळा काही त्रास नाही. सोळाव्या आठवड्यात तिसऱ्या डोससाठी आले तर काउंटरवर स्क्रीन बघून सांगितलं, तुमचे प्लॅनमधले दोन्ही डोस वापरून झालेत, हा तिसरा एक्स्ट्रा, आणि तपासणी फीसुद्धा वेगळी. अहो पण तिसऱ्या डोसची तारीख माझ्या मनाची नाहीये, कार्डवर तुमच्याच डॉक्टरांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलीय!

आणि ती त्यांनी बरोबरच लिहिलीय. आईच्या चिकातून पिल्लाला ज्या अँटिबॉडीज मिळतात त्या सुरुवातीला त्याचं रक्षण करतात पण लसीलाही निकामी करतात, आणि त्या नक्की कधी उतरतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत जावं लागतं. हे मला तुमच्याच डॉक्टरांनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. म्हणजे शेवटचा डोस हा चैनीचा नाही, बऱ्याच पिल्लांना खरी लागू पडते ती तीच लस. आधीचे दोन वाया गेलेले असू शकतात.

आता खरी गंमत ऐका. चिंगीचा सख्खा भाऊ माझ्या बहिणीने घेतला, पण पाच आठवडे उशिरा, तेरा आठवड्यांचा झाल्यावर. तिनेही तुमचाच प्लॅन घेतला, तेवढेच पैसे भरले. त्याला तेराव्या आणि सतराव्या आठवड्यात असे दोनच डोस लागले, झालं, प्लॅनमध्ये बसला. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं. मी लवकर आणली, लवकर लस सुरू केली तर मला जास्त पैसे आणि तो पाच आठवडे लसीशिवाय राहिला तर त्याला सगळं फुकटात बसतं? पॅनल्यूकोपेनियासारखा आजार, ज्याला लोक मांजरांचा पार्व्हो म्हणतात आणि ज्यावर हीच थ्री-इन-वन लस असते, तो असल्याच वयात पिल्लांचा जीव घेतो. म्हणजे तुमच्या प्लॅनच्या हिशेबाने शहाणपण कशात, तर पिल्लू उशिरा आणण्यात. सहा आठवड्यांचं पिल्लू कोणी आणलं तर त्याला चार डोस लागू शकतात, त्या माणसाचं काय करणार?

जंताच्या औषधाचं तेच. प्लॅनच्या कागदावर लिहिलंय 'जंतनिर्मूलन समाविष्ट'. प्रत्यक्षात एक डोस. गोलकृमी पिल्लांना आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे लहान असताना दर दोन आठवड्यांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा औषध द्यायचं असं तुमच्याच भिंतीवरच्या चार्टवर छापलंय. चार्ट एक सांगतो, प्लॅन एक सांगतो, दोन्ही एकाच भिंतीवर लटकलेत.

तिसरी गोष्ट जास्त मनाला लागलीय. पहिल्याच भेटीत मला न विचारता फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजरांमध्ये पसरणारे, प्रतिकारशक्ती कमी करणारे दोन विषाणू) यांची किट टेस्ट केली, ती प्लॅनमध्ये नाही हे बिल हातात आल्यावर कळलं. एफआयव्हीची रेघ पॉझिटिव्ह आली. तेव्हा ड्युटीवर जे होते त्यांनी मला तोंडावर सांगितलं की पिल्लू आजार घेऊनच आलंय, घरात दुसरं मांजर असेल तर विचार करा. माझ्या घरी नऊ वर्षांचा बोका आहे. मी चिंगीला अकरा दिवस बाथरूममध्ये बंद ठेवलं, ती दाराखालून पंजे बाहेर काढून रडायची आणि मी बाहेर बसून रडायचे. शिवाय खात्री करायची म्हणून रक्त बाहेरच्या लॅबला पाठवलं, त्याचं वेगळं बिल. तो रिपोर्ट निगेटिव्ह आला. अकराव्या दिवशी कानाच्या फॉलोअपला आले तेव्हा दुसऱ्या डॉक्टर होत्या, त्यांनी फाइल बघून शांतपणे सांगितलं की ही टेस्ट विषाणू शोधत नाही, अँटिबॉडी शोधते, आणि एवढ्या लहान पिल्लात त्या आईच्या असू शकतात, सहा महिन्यांची झाल्यावर पुन्हा करू. आणि एफआयव्ही पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून, एका वाटीत खाल्ल्याने नाही. हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगायला काय जात होतं?

टेस्ट करूच नका असं मी म्हणत नाहीये. ल्युकेमियाची करायलाच हवी होती, घरात दुसरं मांजर असताना तर नक्कीच. पण आधी विचारा, किती खर्च होईल ते सांगा आणि उत्तराचा अर्थ काय होतो तेही सांगा.

लसीच्या कार्डात फक्त तारीख आणि सही आहे. कुपीवरचा स्टिकर, ज्यावर लसीचं नाव आणि बॅच नंबर असतो, तो एकाही डोसला चिकटवलेला नाही. तिसरा डोस मी शेवटी दुसरीकडे घेतला, तिथल्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं की आधी कुठली लस दिली होती, आणि मला सांगता आलं नाही. चिपचं तर काय बोलावं. चिप बसवली, पण तिचा 15 आकडी नंबर कार्डवर नाही आणि माझ्या नावावर रजिस्टरही केलेली नाही. लोकांना वाटतं चिप म्हणजे जीपीएस, तसं काही नसतं, स्कॅनर फिरवल्यावर नुसता नंबर दिसतो, आणि तो नंबर कोणाच्याच नावावर नसेल तर चिंगीच्या मानेत तांदळाएवढी निरुपयोगी वस्तू ठेवलीय असंच म्हणायचं.

नसबंदीवर प्लॅनमध्ये सवलत आहे म्हणे. एस्टिमेट मागितलं तर सवलत फक्त सर्जनच्या फीवर, भूल वेगळी, आधीची रक्ततपासणी वेगळी, पेनकिलर वेगळी, गळ्यातला कोन वेगळा. बेशुद्ध न करता ऑपरेशन करणार होतात का? निदान हे एस्टिमेट तरी आधी मिळालं, तेही मी मागितलं म्हणून.

दुसऱ्या डॉक्टरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट चिंगीचे कान त्यांनीच बरे केले. काउंटरवरच्या मुलीलाही बोलू नका, ती स्क्रीनवर दिसतं तेच वाचते. चूक तुमच्या प्लॅनमध्ये आहे.

मला हवंय ते असं. दुसरीकडे घ्याव्या लागलेल्या तिसऱ्या डोसचे आणि न विचारता केलेल्या टेस्टचे पैसे परत, लॅबच्या बिलाचं काय करायचं ते तुम्ही सांगा. तुमच्याकडे दिलेल्या तिन्ही लसींचे (थ्री-इन-वनचे दोन डोस आणि रेबीज) बॅच नंबर तुमच्या रजिस्टरमधून काढून कार्डवर शिक्क्यानिशी लिहून द्या. चिप या आठवड्यात माझ्या नावावर करा. आणि प्लॅनच्या कागदावर 'दोन डोस'ऐवजी 'सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत लागतील तेवढे डोस' असं छापा, नाहीतर 'सगळं' म्हणून विकू नका.

सोबत चारही बिलं, लसीच्या कार्डाची दोन्ही पानं, लॅबचा रिपोर्ट आणि दुसरीकडे घेतलेल्या डोसची पावती जोडलीय. उत्तर लेखी द्या, फोन नको. सहा महिने पूर्ण झाले की चिंगीची एफआयव्ही टेस्ट पुन्हा करायचीय, ती तुमच्याकडे करायची की नाही हे तुमचं उत्तर आल्यावर ठरवेन.

चिंगीची पालक
(प्लॅन नंबर बिलावर आहे)