ड्रेसरच्या मुलीस

चि. मनीषास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर रेंज तुटत होती म्हणून लिहून पाठवतोय. आश्रमशाळेत वसतिगृहाचंही काम तुझ्याकडे आलं, ऐंशी मुली, आणि दवाखाना बारा किलोमीटरवर, एवढं कळलं. प्रथमोपचाराच्या पेटीत काय ठेवू, असं तू विचारलंस. ते शेवटी सांगतो. वेळेला पेटी कमी पडत नाही, माणसं आडवी येतात.

एकोणतीस वर्षं ग्रामीण रुग्णालयात ड्रेसर होतो. निम्मी नोकरी जखमा बांधण्यात गेली, निम्मी लोकांनी जखमेत भरलेलं काढण्यात. भाजलं की टूथपेस्ट, चिरलं की कॉफी नाहीतर तंबाखू, कुत्रा चावला की मिरची आणि चुना. ते खरवडताना पोर किंचाळायचं आणि लावणारी आजी बाहेरच्या बाकावरून मलाच शिव्या घालायची.

भाजल्यावर साधं वाहतं पाणी, 20 मिनिटं, घड्याळ बघून. पातेलं चुलीवरून उतरवलं तरी आतली भाजी थोडा वेळ शिजतच असते ना? कातडीचंही तसंच. पाण्यानं आच निघून जाते, टूथपेस्टनं तिच्यावर झाकण बसतं. बर्फ नको. बांगड्या सूज यायच्या आत उतरव. फोड आला तर फोडू नकोस, स्वच्छ कापड सैल झाकून पाठव.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं ठेवून दाबून धर आणि दहा मिनिटं उचलून बघू नकोस. सगळे बघतात. फडकं भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेव. नाकातून आलं तर डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं आणि नाकाचा मऊ भाग चिमटीत धरायचा. फिट आली तर कुणीतरी कांदा किंवा चप्पल घेऊन येईलच. त्याला बाहेर पाठव, मुलीला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नकोस आणि वेळ मोज. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर 108 ला फोन. कुत्रा चावला तर साबण लावून नळाखाली 15 मिनिटं धू. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. आणि लस त्याच दिवशी, ‘उद्या बघू’ नाही.

मला खरी धास्ती मण्यारीची आहे. तुझ्या मुली जमिनीवर झोपतात. मण्यार रात्री फिरते, झोपेत चावते, आणि बहुतेक वेळा दुखत नाही, सूज नाही, दातांची खूणही धड सापडत नाही. पहाटे मुलगी म्हणते पोटात दुखतंय, घसा दुखतोय. मग पापण्या उचलत नाहीत. आपण म्हणतो झोप झाली नाही, ओवा देतो. पावसाळ्यात असं काही दिसलं तर ओव्याच्या डबीला हात न लावता गाडी बोलाव. चालवत नेऊ नकोस. हातापायाला चावलं असेल तर तिथे फळी लावून हलणार नाही असं ठेव, पण सुतळीनं करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. गावकरी साप मारायला धावतील, त्यांना सांग की नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर इंजेक्शन एकच आहे. साप सापडला नाही म्हणून काही अडत नाही, अर्धा तास उशीर झाला तर अडतं.

हे सगळं पाठ करणं सोपं आहे गं. तुझ्या डाव्या मनगटाच्या वरचा डाग चहाचा आहे, हे तुला माहीत आहे. पुढचं सांगितलेलं नाही. तू चार वर्षांची होतीस, मी घरातच होतो. तुझी आजी टूथपेस्टची ट्यूब घेऊन आली आणि मी, ड्रेसर, गप्प उभा राहिलो. आईला पोरांसमोर कसं थांबवायचं म्हणून. दुसऱ्या दिवशी ती पेस्ट मीच ओली करून काढली. तू माझ्या शर्टाची बाही दातात धरली होतीस.

तिथले मुख्याध्यापक वयानं मोठे आहेत आणि स्वयंपाकीण मावशी तर सगळ्यांची आजीच, असं तू म्हणालीस. म्हणून हे लिहिलं.

एसटीच्या पार्सलनं डबा पाठवतोय. गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं, साबणाच्या दोन वड्या, टॉर्च. कात्री माझी जुनीच आहे, धार लावून आणली. कापूस मुद्दाम दिला नाही, जखमेत धागे राहतात. मच्छरदाण्या किती लागतील ते मोजून कळव. आणि लावाल तेव्हा कडा अंथरुणाखाली खोचायला लाव, नुसत्या लोंबत्या नकोत.

आई लाडू देणार होती, डब्यात जागा उरली नाही. ती रागावली आहे.

तुझे,
बाबा