बास्केटबॉलवर अमेरिकेत ‘फुकट’ शिक्षण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत खेळाच्या जोरावर अमेरिकेत ‘फुकट’ शिकायला जाणाऱ्या मुलांविषयी लेख आला होता. त्याचं कात्रण माझ्या मावसबहिणीने मला व्हॉट्सॲपवर पाठवलं आणि खाली एवढंच लिहिलं, ‘ताई, हे खरं असतं का गं?’ तिचा मुलगा अकरावीत आहे, सहा फूट दोन इंच उंच, जिल्ह्याच्या संघातून बास्केटबॉल खेळतो. फोनवर बोलताना कळलं की मला विचारायच्या आधीच तिने एका सल्लागाराकडे पहिला हप्ता भरून टाकलाय. डिव्हिजन वनच्या, म्हणजे तिथल्या कॉलेज-खेळातल्या सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजात पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारच, असं तिला तोंडी सांगितलं होतं. पावतीवर मात्र ‘प्रोफाइल तयार करणे’ एवढंच आहे.

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. तो लेख वाचून आणखी कितीतरी घरांत हीच चर्चा झाली असेल.

मी गेली अठरा-एकोणीस वर्षं न्यू जर्सीत राहते. लेक इथल्या सरकारी हायस्कुलात बारावीला आहे, शाळेच्या मुख्य बास्केटबॉल संघात गार्ड (चेंडू पुढे नेणारी खेळाडू) म्हणून खेळते. कॉलेजातही खेळायचं हे तिने सातवीत असतानाच ठरवलं. मी स्वतः नागपूरला खेळले आहे. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला सराव, कारण आठनंतर मैदानाच्या सिमेंटवर पाय ठरत नसे. त्यामुळे ‘आता पुरे, अभ्यासाला लाग’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ते काम आमच्या मंडळाच्या गणपतीत भेटणारी मंडळी करतात: ‘अजून बास्केटबॉल चालूच आहे का? बारावी आहे ना?’

आधी आकडे. इथे हायस्कूलमध्ये बास्केटबॉल खेळणारे मुलगे सुमारे साडेपाच लाख आणि मुली पावणेचार लाखांच्या आसपास. कॉलेजांतल्या खेळाचा कारभार मुख्यतः एनसीएए ही संस्था पाहते. तिच्याच हिशेबाप्रमाणे शंभर मुलांमागे साडेतीन आणि शंभर मुलींमागे चारेक जणी तिच्या कुठल्या ना कुठल्या डिव्हिजनपर्यंत पोचतात. टीव्हीवर दिसते ती डिव्हिजन वन शंभरात एखाद्याच्या वाट्याला येते. आणि ही सगळी मुलं चौथी-पाचवीपासून लाकडी फ्लोअरवर, पगारी प्रशिक्षकांच्या हाताखाली वाढलेली. भाच्याच्या जिल्ह्यात आत खेळायला एक हॉल आहे, त्यात लग्नंही होतात.

पोचलेल्या सगळ्यांना शिष्यवृत्ती मिळते हाही गैरसमज. एनसीएएच्या सुमारे अकराशे कॉलेजांपैकी चारशेहून अधिक डिव्हिजन थ्रीत आहेत, आणि तिथे खेळासाठी एक डॉलरही द्यायचा नाही असा नियमच आहे. मदत मिळते ती घरची परिस्थिती किंवा मार्क पाहून. हार्वर्ड-प्रिन्स्टनची आयव्ही लीग खेळते डिव्हिजन वनमध्ये, पण खेळाची शिष्यवृत्ती तीही देत नाही. खासगी कॉलेजचा वर्षाचा खर्च आता ऐंशी-नव्वद हजार डॉलरपर्यंत जातो. तेव्हा ‘फुकट’ हा शब्द फार जपून वापरायला हवा होता, एवढीच त्या लेखाबद्दल माझी तक्रार आहे.

गंमत अशी, की आपल्याकडचे आईबाप ज्या नावांची जपमाळ ओढतात त्यातली बरीच याच डिव्हिजन थ्रीत आहेत. एमआयटी, कॅल्टेक, शिकागो विद्यापीठ, कार्नेगी मेलन, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी). एनवाययूच्या मुलींनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं एकही सामना न हरता या डिव्हिजनचं अजिंक्यपद घेतलं. उलट टोकाला कॅल्टेकची मुलं. आपल्या लीगमधले सलग ३१० सामने ती हरली होती. सव्वीस वर्षांनी, फेब्रुवारी २०११ मध्ये, ऑक्सिडेंटल कॉलेजला त्यांनी ४६–४५ असं हरवलं. या ३१० पराभवांत ज्यांची सगळी चार वर्षं गेली असे खेळाडू कितीतरी असतील, आणि तरी ते रोज संध्याकाळी सरावाला जात होते. माझ्या लेकीला हा किस्सा फार आवडतो. मला थोडी धास्ती वाटते.

आता डिव्हिजन वनबद्दल, कारण सल्लागार विकतात ती तीच. पूर्वी खेळाडूने कॉलेज बदललं की एक वर्ष सामन्यांना मुकावं लागे. २०२१ पासून एकदा बदलून लगेच खेळता येऊ लागलं, आणि एप्रिल २०२४ पासून, मार्क ठीक असले की, कितीही वेळा. दर वसंतात हजारो खेळाडू ‘ट्रान्सफर पोर्टल’मध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीत, नाव घालतात आणि कोच तिथे बाजारहाट करतात. जून २०२५ मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसेही देता येतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजाला सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ज्या कॉलेजांनी ही व्यवस्था स्वीकारली त्यांच्या बास्केटबॉल संघात जास्तीत जास्त पंधरा जण. आता कोचच्या जागी बसून बघा. पंधरा जागा, हरलं की नोकरी जायची भीती. समोर एकीकडे बावीस वर्षांचा, कॉलेजात तीन हंगाम खेळून अंगाने भरलेला खेळाडू, आणि दुसरीकडे सतरा वर्षांचं पोर, ज्याचा खेळ फोनवरच्या व्हिडिओत पाहिलाय. इथल्याच मुलांना हा फटका बसतोय. लेकीबरोबर उन्हाळी संघात खेळणाऱ्या एका मुलीशी डिव्हिजन वनचे एक कोच वर्षभर बोलत होते. एप्रिलनंतर त्यांचं उत्तर येणं बंद झालं. भाच्याने तर समुद्रापलीकडून यायचंय. शिवाय जाहिराती आणि नावाच्या हक्कांतून खेळाडूंना मिळणाऱ्या ज्या पैशाच्या बातम्या येतात, त्यात स्टुडंट व्हिसावरच्या मुलाला कामाच्या नियमांमुळे वकिलाला विचारल्याशिवाय हात घालता येत नाही.

भारतातून कुणी गेलंच नाही असं म्हणायचं नाही. पंजाबातल्या खेड्यातला सतनाम सिंग चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या अकादमीत आला आणि २०१५ साली एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याची निवड केली. पण त्याची उंची सात फूट दोन इंच होती. बहिणीला मी दुसरंच उदाहरण दिलं, वरुण रामचं. भारतीय आईबापांचा, अमेरिकेत वाढलेला, पाच फूट नऊ इंचांचा मुलगा. पहिलं वर्ष ट्रिनिटी या डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजात काढून तो मेरिलँड विद्यापीठात गेला आणि शिष्यवृत्तीशिवाय, चाचणी देऊन संघात शिरला. इथे त्याला ‘वॉक-ऑन’ म्हणतात. बहुतेक वेळ बाकावर. मार्च २०१५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत वालपरायझो विद्यापीठाविरुद्ध शेवटचे काही सेकंद उरले असताना, तीन गुणांची आघाडी राखायला कोचने त्याला आत पाठवलं, आणि त्याने समोरच्याला शेवटचा फटका मारूच दिला नाही. ६५–६२. तो न्यूरोबायॉलॉजी शिकत होता, हे आमच्या मंडळातल्या काकांनाही आवडावं.

आमच्या घरची गोष्ट याहून साधी आहे. लेकीने दहावीच्या सुट्टीपासून कोचना स्वतः ईमेल लिहायला सुरुवात केली. एकूण सेहेचाळीस पाठवले. उत्तरं आली सतरा, त्यातली आठ ‘आमचा फॉर्म भरा’ अशी यंत्राने धाडलेली. एप्रिल ते जुलै दर शनिवार-रविवार क्लबचे सामने. पेनसिल्व्हेनियात स्पूकी नूक नावाचं एक अवाढव्य क्रीडासंकुल आहे, तिथे शेजारी शेजारी कितीतरी कोर्टं एकदम चालू असतात, शिट्टी आपल्या कोर्टावरची की पलीकडची हे कळत नाही. कडेला खुर्च्यांवर आपापल्या कॉलेजचा शर्ट घातलेले कोच बसतात. लेक नीट खेळते तोवर ते दुसऱ्या कोर्टाकडे पाहत असतात आणि तिच्या हातून चेंडू सुटला की नेमके इकडे वळतात, असा माझा दोन उन्हाळ्यांचा अनुभव आहे.

सल्लागाराच्या यादीत पहिली वस्तू ‘हायलाइट व्हिडिओ’ होती म्हणून हेही सांगते. आम्हीही हौसेने केला होता, पार्श्वसंगीतासकट. एका कोचने कळवलं, ‘हे नको, एक अख्खा सामना पाठव, शक्यतो हरलेला.’ चूक झाल्यावर ती मागे धावते की उभी राहते, बाकावर बसवल्यावर तोंड कसं करते, हे त्यांना पाहायचं होतं. लेकीने विचार करून एकवीस गुणांनी हरलेला सामना पाठवला. आज त्याच कॉलेजात तिचा अर्ज आहे. जुलैत कोचने तिची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला दाखवली, याला ‘प्री-रीड’ म्हणतात. तिथून होकारार्थी इशारा आल्यावर नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला अर्ज गेला. निकाल डिसेंबरच्या मध्याला. कोचचा शब्द हा शब्दच, लेखी काही नाही. प्रवेश मिळाला तरी खेळायला मिळण्याची खात्री नाही.

बहिणीने विचारलं, ‘मग आता काय करू?’ पैसे परत येणार नाहीत असं सल्लागाराने कळवलंय, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. बाकीचं सांगितलं. एनसीएएच्या पहिल्या दोन डिव्हिजनसाठी नववीपासून बारावीपर्यंतचे मुख्य विषय मोजतात, असे सोळा (वर्षभर शिकलेला विषय तो एक). आपल्याकडे नववीच्या मार्कांना कुणी विचारत नाही, इथे ती गुणपत्रिका पहिली मागतील. जिल्ह्याच्या प्रमाणपत्रांचे दहावीला वाढीव गुण मिळतात तसं इथे नसतं, प्रमाणपत्र कुणी उघडूनही पाहत नाही. पात्रतेची नोंदणी एनसीएएच्या संकेतस्थळावर मुलाला स्वतः करता येते. आणि कोचचे ईमेल पत्ते कॉलेजच्या पानावर उघडे असतात, ते विकत घ्यायची वस्तू नाही. पत्र आईने किंवा सल्लागाराने लिहिलेलं असेल तर दुसऱ्या ओळीत ओळखू येतं, असं आम्हाला एका कोचनेच सांगितलं.

हे ऐकून भाचा बास्केटबॉल सोडेल अशी बहिणीला भीती होती. गेल्या रविवारी त्याचाच फोन आला. ‘मावशी, डिव्हिजन थ्रीच्या कोचला लिहिताना डिअर कोचच्या पुढे आडनाव घालायचं का?’ म्हटलं, घाल, आणि पाठवण्याआधी स्पेलिंग तपास.

आपली नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी
(मुलीचा प्रवेश अजून व्हायचा आहे, म्हणून कृपया नाव छापू नये.)