पेटीचा भाता

अंबाजोगाई,
माघ वद्य एकादशी

प्रिय बापू,

तुझा फोन आला तेव्हा मी गंगाखेडला घाटावर होतो, अस्थी घेऊन. वारं एवढं होतं की तू काय म्हणालास ते निम्मं कळलंच नाही. म्हणून हे पत्र. माय आजीच्या तेराव्याला तुला येता आलं नाही याचं मनाला लावून घेऊ नको. सुट्टी मिळत नाही म्हणजे काय, ते आम्हालाही माहीत आहे. गंगाखेडच का, तर मायनंच सांगून ठेवलं होतं, "मला जनाबाईच्या गावाला न्या. पंढरपूरला लई गर्दी असती."

वय किती होतं म्हणून सगळे विचारतात. जन्माची नोंद नाही. निजाम गेला त्या साली, म्हणजे 1948 ला, ती सोळाची होती असं ती सांगायची, त्यावरून त्र्याण्णव धरायचं. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. रझाकारांच्या भीतीनं सासरच्यांनी घरातल्या तरण्या बायका रात्री गाडीत घातल्या आणि बार्शीकडं धाडल्या. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या होत्या आणि बायकांना खोकायचीसुद्धा बंदी होती. मायचं म्हणणं असं, की तीन रात्री ती मनातल्या मनात ओव्या म्हणत होती, आणि मनात म्हटलं की चाल चुकत नाही हे तिला तेव्हा कळलं. पुढं बार्शीला भगवंताच्या देवळात तिनं पहिल्यांदा बाजाची पेटी ऐकली. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, बायका घरी परतल्या, माणसं झेंडे नाचवत होती, आणि ही आबांना म्हणाली, "मला पेटी पाहिजे." आबांनी दहा वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पेटी कुठून आली ते ऐक. गावात सांगितलं होतं की लातूरच्या दुकानातून आणली. खरं म्हणजे ती एका मोडलेल्या तमाशाच्या फडाची होती. ज्या पेटीवर लावण्या झाल्या त्याच पेटीवर आमच्या गावात पन्नास-साठ वर्षं हरिपाठ झाला. हे तिनं मला एकट्याला सांगितलं, तेही नव्वदी उलटल्यावर, आणि मग तोंडाला पदर लावून एवढी हसली की ठसका लागला.

आवाज म्हणशील तर तिचा गोड नव्हता. जाड, जरा खरखरीत. पण सूर धरला की सोडायची नाही. बाकीच्या बायका कुठंही भरकटल्या तरी येऊन तिच्याच सुराला टेकायच्या. तुला तर आठवत असेलच, दिवाळीच्या सुट्टीत तू आला होतास आणि तिनं तुझ्या हातात टाळ देऊन सांगितलं होतं, "लेकरा, तू नुसतं वाजव. तोंड उघडू नको."

बहात्तरच्या दुष्काळाचं मात्र आमच्या घरात अजून पुरतं मिटलेलं नाही. आबांनी दोन्ही बैल विकले, भांडी गेली, मायच्या पुतळ्या गेल्या. पेटी गेली नाही. दादा तेव्हा बारा वर्षांचे. ते आजही म्हणतात, "बैल इकले, पण आईनं पेटी इकू दिली नाही." त्यात अभिमान नसतो बरं का, तक्रार असते. माय स्वतः खडी फोडायला जायची, लेकरं सुकडीच्या रांगेत, घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. मी दादांना एकदा म्हटलं, पेटीचे आले असते तरी किती? ते म्हणाले, "किती का येईनात, आठ दिवस पोटभर जेवलो असतो." यावर मी काय बोलणार? मायला विचारलं तर ती म्हणाली, "बैल परत घेता आले की." आणि आले, पाच वर्षांनी. दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं, पण हे दादांसमोर बोलायची सोय नाही.

तिचं भजनी मंडळ सगळ्या गावाचं होतं असं परवा पाच-सहा जणांनी भाषणात सांगितलं. एवढं सोपं नव्हतं ते. सुरुवातीला वस्तीतल्या बायका यायच्या त्या पायरीवर बसायच्या आणि मायलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्या ओट्यावर यायला बरीच वर्षं गेली. आल्या तेव्हा आमच्याच भावकीतल्या तीन जणींनी येणं बंद केलं, आणि माय त्यांच्या दारात गेली नाही. मग 1978 ला विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, पण दोन महिने भजन बंद पडलं. ते चालू करताना ती वस्तीत घरोघर गेली. दोघी परत आल्या. बाकीच्या आल्याच नाहीत. "त्यांनी का यावं?" असं ती म्हणायची, पण दर एकादशीला त्यांच्या जागेवर सतरंजी मात्र अंथरायची.

त्याच सुमाराला प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले आणि माय सत्तेचाळिसाव्या वर्षी पाटी घेऊन बसली. कशाला, तर हरिपाठातले जे अभंग ती पाठ म्हणायची ते बरोबर आहेत का ते बघायला! वर्षभरानं बोट ठेवून ठेवून वाचलं तर सात ठिकाणी चूक निघाली. तिनं दुरुस्त केली असेल असं तुला वाटेल. छे! "माझ्या आईनं असंच शिकवलंय," म्हणाली आणि शेवटपर्यंत चुकीचंच म्हटलं. तिच्या मंडळातल्या बायकाही तेच म्हणतात, परवाही म्हटलं. अर्जाला जशी ती अखेरपर्यंत दरख्वास्त म्हणाली, तसंच हे.

किल्लारीचं तुला थोडं माहीत आहे. 1993, गणपती बुडवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत जमीन हलली. आमच्याकडं नुसती भांडी पडली. उजाडल्यावर बातमी आली आणि दुपारपर्यंत मायनं घरटी दहा भाकरी आणि ठेचा गोळा करायला लावलं. दुसऱ्या दिवशी ती ट्रकमध्ये पुढं बसून गेली. पिशवीत टाळ टाकले होते, मी पाहिलं होतं. अकरा दिवसांनी परत आली तेव्हा टाळ जसेच्या तसे फडक्यात गुंडाळलेले. मी विचारलं, "भजन नाही झालं?" तर म्हणाली, "तिथं गाणं म्हणायचं नसतं, भांडी घासायची असतात." ती सहसा रागवायची नाही, पण तेव्हा माझ्या प्रश्नाचाच तिला राग आला होता. पुढं दोन महिने पेटीला हात लावला नाही.

आता एक गोष्ट लिहितो, ती भाषणात कुणी बोललं नाही. आई. सून म्हणून बावीसाव्या... नाही, एकोणिसाव्या वर्षी आली ती. ओट्यावर एकादशीचं भजन चालायचं आणि आई आत चुलीपुढं, चाळीस बायकांचा चहा, साबुदाण्याची खिचडी, शेंगादाण्याची आमटी. मायनं गावभरच्या बायकांना हाताला धरून ओट्यावर आणलं, पण घरातली सून कधी बाहेर बसली नाही. तिनं बोलावलं नाही आणि आईनं विचारलं नाही. मला हे कळायला चाळिशी यावी लागली, म्हणजे माझीही काही कमाल नाही.

तेराव्याच्या रात्री बायका जमल्या. पेटी मधे ठेवलेली, समोर मायचा फोटो, आणि वाजवणार कोण हे कुणालाच माहीत नाही. त्या पेटीचा भाता तू पाहिलास का कधी नीट? तीन ठिकाणी फाटलेला आणि तिन्ही ठिकाणी मायनं तिच्या इरकली लुगड्याचा तुकडा डिंकानं चिकटवलेला. एक हिरवा, दोन जांभळे. मधल्या ठिगळातून हवा जाते, म्हणून तळहाताचा चवडा खाली दाबून भाता ओढावा लागतो, नाहीतर सूर धापा टाकतो. मंडळातली एक पोरगी पुढं झाली, दोनदा ओढला, पेटी नुसती फुसफुसली.

मग आई आतून आली. हात पदराला पुसले. बसली, चवडा बरोबर खाली दाबला, काळी चार धरली आणि हरिपाठ सुरू केला. मायच्या त्या सात चुका पण होत्या तशाच.

बायका गेल्यावर मी विचारलं, "कधी शिकलीस गं?"

ती खरकटी ताटं गोळा करत होती. म्हणाली, "चुलीपुढं सगळं ऐकू येतं. अन् माय दुपारच्या झोपायच्या."

आज एकादशी, ओट्यावर सतरंज्या पडल्या आहेत. खिचडी दादांनी टाकली आहे, साबुदाण्याचा गोळा झालाय, पण कुणी काही बोलत नाही. चैत्रात येतोस ना? तुझे टाळ खुंटीलाच आहेत.

तुझाच,
भाऊ